तीन गदा आणि एक मुलूख

महाराष्ट्र केसरीच्या विजेत्यांची यादी कुस्तीच्या प्रत्येक शौकिनाला थोडीफार पाठ असते. खान्देशातला शौकीन ती वाचताना मल्लाच्या नावाआधी गावाच्या रकान्यापाशी थांबतो. १९६१ साली औरंगाबादेत पहिली स्पर्धा झाली, दिनकर दह्यारी जिंकले. १९६२ची दुसरी स्पर्धा धुळ्यात झाली, तिथे भगवान मोरे यांनी किताब मिळवला. १९६६ला मैदान जळगावात भरलं आणि दीनानाथसिंह महाराष्ट्र केसरी झाले. तेच पुढे हिंदकेसरीही झाले. १९७७ला पाळी चाळीसगावची होती. त्या वर्षापुढे मल्लाचं नाव नाही, ‘अनिर्णित’ एवढाच शब्द आहे. खान्देशाने मैदान दिलं, माणसं दिली, पंगती घातल्या, पण किताब घेऊन जाणारा आपल्या गावचा नव्हता. आणि चाळीसगावात तर किताब कुणाच्याच हाती लागला नाही.

ज्या पोराने दहाव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून चाळीसगावचं ते मैदान पाहिलं असेल, तो २०१४ साली सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्या डिसेंबरात तेव्हाच्या अहमदनगरला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. सचिन येलभर यांना हरवून गदा उचलणारा मल्ल होता विजय चौधरी, चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा. पुढची स्पर्धा नागपूरला झाली, तिथे त्यांनी विक्रांत जाधव यांना हरवलं. २०१६ला पुण्यात वारजे इथे अभिजित कटके यांना हरवून तिसरी गदा आणली. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी होण्याचा मान त्याआधी फक्त नरसिंग यादव यांना मिळाला होता, २०११, २०१२ आणि २०१३ असा. म्हणजे लागोपाठ सहा वर्षं महाराष्ट्राची गदा दोनच माणसांच्या खांद्यावर होती, आणि त्यातला एक आपला होता.

हा आठवणींचा संग्रह विजय चौधरींविषयी आहे, असं मी आधी लिहिणार होतो. पण आलेले मजकूर वाचत गेलो तसं लक्षात आलं, की तो त्याच्याविषयी जेवढा आहे तेवढाच त्याला जीव लावणाऱ्यांविषयीही आहे. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, पारोळा, अमळनेर, धुळे, साक्री, शिरपूर अशा ठिकाणांहून लोकांनी लिहून दिलं. काहींनी सांगितलं, ते दुसऱ्यांनी उतरवून घेतलं. त्यांतल्या फार थोड्या मजकुरांत डावांचं वर्णन आहे. पट कुणी काढला, गुण किती पडले, कोणत्या फेरीत निकाल लागला, हे वर्तमानपत्रात आलेलं होतंच आणि लोकांनी ते वर्तमानपत्रांवरच सोडलं आहे. त्यांना लिहावंसं वाटलं ते वेगळंच: आपण त्या दिवशी कुठे होतो, शेजारी कोण होतं, कापसाच्या वेचणीतून घरी कधी आलो, कुणाच्या दुकानातल्या टीव्हीसमोर उभं राहिलो, फोनवर बातमी कुणी दिली आणि ती ऐकून आबा कसे उठून उभे राहिले.

अशा आठवणींना मी दुय्यम मानत नाही. कुस्तीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मल्लांच्या नावांच्या, वजनांच्या, वस्तादांच्या नोंदी ठेवल्या, ते मोठं काम झालं. पण मल्ल घडतो तो बघणाऱ्यांच्या गर्दीत, आणि ती गर्दी कशी होती, काय देत होती, काय मागत होती, हे कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही. ते सांगायचं तर खान्देशच्या दंगलीपासून सुरुवात करायला हवी.

आपल्याकडे कुस्त्यांचा फड म्हणण्यापेक्षा दंगल म्हणायची सवय जास्त. पूर्वेला बुऱ्हाणपूर, वर इंदूर, दक्षिणेला मालेगाव. या तिन्ही वाटांनी पहिलवान आणि त्यांच्याबरोबर बोलण्याची ढब येत राहिली. कापूस घरात आला, हातात चार पैसे आले, की यात्रांचा हंगाम लागतो. चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची, चाळीसगावला पीर मुसा कादरी बाबांचा उरूस. शिवाय गावोगावच्या लहान जत्रा, ज्यांची नावं तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नसतात, पण ज्यांच्या दंगलीला पंचक्रोशीतले पहिलवान न चुकता हजर असतात.

दंगलीची तजवीज गावाची असते. वर्गणी गोळा होते. कुणी शंभर देतो, कुणी पाच हजार, कुणी मोठ्या कुस्तीचं सगळं इनाम एकट्याच्या नावावर घेतो. खान्देशची जमीन काळी, भेगाळणारी; आखाड्यासाठी तांबडी माती बाहेरून आणून टाकावी लागते. ती चाळायची, खडा राहू द्यायचा नाही. तालमीतल्या हौद्याची माती तर तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली असते. दंगलीच्या दिवशी दुपारी ऊन कलायला लागलं की हलगी कडाडते. आधी लहान पोरांच्या कुस्त्या, नारळावर नाहीतर एखाद्या भांड्यावर. मग इनाम चढत जातं. पंच दोघांना समोरासमोर उभं करतात, अंगलट पाहतात, वय पाहतात, हातात हात देतात. याला जोड लावणं म्हणतात, आणि जोड बरोबर लागली नाही तर प्रेक्षक गप्प बसत नाहीत. “बापू, जोड बरोबर नही शे!” असा आवाज गर्दीतून आला की पंचाला पुन्हा विचार करावा लागतो. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला हा अधिकार नाही, क्रिकेटच्या मैदानातल्या प्रेक्षकालाही नाही.

कुस्ती निकाली झाली की जिंकलेला पहिलवान मातीने माखलेल्या अंगाने आखाड्याला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटा ठेवतात. हे ठरलेलं इनाम नव्हे, हा वरचा मान. मला या फेरीचं महत्त्व कितीही सांगितलं तरी अपुरं वाटतं. पन्नासची नोट देणाऱ्या शेतकऱ्याचा आणि त्या पोराचा त्या क्षणी एक संबंध जोडला जातो. पोराच्या बदामात, दुधात, तुपात त्याचे पन्नास रुपये असतात. पुढे तेच पोर मोठं झालं, तर हा माणूस सांगतो की मी याला अमक्या गावच्या जत्रेत पाहिला होता. त्या सांगण्यात बढाई कमी आणि हक्क जास्त असतो, आणि तो हक्क त्याने खरोखर कमावलेला असतो.

या संग्रहातल्या कितीतरी मजकुरांत अशी एखादी नोट आहे. देणाऱ्याला रक्कम आठवते, जत्रा आठवते, साल मात्र नक्की आठवत नाही.

चौधरींच्या घरात कुस्ती आधीपासून होती. वडील स्वतः पहिलवान. गावात, तालुक्यात जेवढं शिकता येतं तेवढं शिकून झाल्यावर त्यांना पुण्याची वाट धरावी लागली. कात्रजच्या मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुलात त्यांनी तयारी केली, रोहित पटेल यांच्यासारख्या नामांकित मल्लाचं मार्गदर्शन त्यांना लाभलं. मामासाहेब मोहोळ म्हणजे ज्यांच्या पुढाकाराने १९५३ला राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली ते, आणि महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला चांदीची गदा मिळते ती त्यांच्याच घराण्याकडून. खान्देशातल्या पोराने ती गदा मोहोळांच्या नावाच्या तालमीत घाम गाळून मिळवली, ही गोष्ट आम्हाला अभिमानाची वाटते. पण तिला दुसरी बाजूही आहे आणि ती इथे सांगायलाच हवी.

महाराष्ट्र केसरी आज दोन पृष्ठभागांवर खेळली जाते. एक विभाग मातीचा, एक गादीचा, म्हणजे मॅटचा. दोन्ही विभागांतले विजेते शेवटी मॅटवर भिडतात. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांची. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकललं तर एक गुण, ताबा मिळवला तर दोन, पाठ मॅटकडे वळवली तर वेगळे, आणि दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. जत्रेतल्या पहिलवानाला वेळ असतो. तो खडाखडी करतो, हातांचा अंदाज घेतो, समोरचा दमेपर्यंत थांबतो, आणि मग एकदाच ढाक नाहीतर कलाजंग लावून आस्मान दाखवतो. सहा मिनिटांच्या कुस्तीत असं थांबता येत नाही. पहिल्या मिनिटात गेलेला एक गुण शेवटपर्यंत छातीवर बसतो. पाय वेगळे पडतात, दम वेगळा लागतो, आणि मॅट रोज पायाखाली असल्याशिवाय ते अंगात मुरत नाही. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतल्या कित्येक तालमींत मॅट नव्हतीच. मोठं व्हायचं तर पोरांनी पुणे, कोल्हापूर गाठायचं, खोली घ्यायची, खुराकाचे पैसे घरून मागवायचे. एका जड वजनाच्या मल्लाचा महिन्याचा दूध, तूप, बदाम, फळं, अंड्यांचा खर्च कोरडवाहू शेतावर भागवणं सोपं नाही. जी पोरं निभावून गेली त्यांच्यातलं एक नाव आपल्याला माहीत आहे. दोन-तीन वर्षांनी परत येऊन ट्रॅक्टर चालवायला लागलेल्यांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नाहीत. या संग्रहात त्यांच्यापैकी काहींनी लिहिलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं त्यांनीच लिहिलं आहे. बाकीच्यांना निकाल आठवतो. त्यांना पहाटेची तालीम, सपाट्यांनी भरून आलेल्या मांड्या आणि घरी पाठवलेली चिठ्ठी आठवते. विजयच्या गदेत त्यांना स्वतःची अर्धी राहिलेली गोष्ट पुरी झालेली दिसली, असं त्यांच्या लिखाणावरून मला वाटलं.

नगरच्या विजयानंतर काय झालं, याच्या आठवणी सर्वांत जास्त आल्या. तेव्हा गावागावांत स्मार्टफोन पोचायला लागले होते, पण सगळ्यांच्या हाती नव्हते. बातमी आधी फोनने आली, मग फोटो आला. खांद्यावर गदा, डोक्याला फेटा, अंगावर गुलाल असलेला तो फोटो पारावर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरला. “आपला चाळीसगावना पोऱ्या शे!” हे वाक्य किती मजकुरांत आहे ते मी मोजलं नाही, पण धुळ्याहून आलेल्या मजकुरांतही ते आहे, आणि याचं मला फार समाधान वाटलं. चाळीसगावला तसं पाहिलं तर जळगावपेक्षा धुळं जवळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चाळीसगाव-धुळे रेल्वे झाली तेव्हापासून त्या दोन गावांची ये-जा रोजची. नकाशावर जिल्ह्यांची रेघ ओढली गेली, पण साक्रीच्या माणसाला सायगावचा पहिलवान परका वाटला नाही. अहिराणी बोलणाऱ्या सगळ्या मुलखाने त्याला आपला म्हटलं.

म्हणूनच ज्यांनी अहिराणीत लिहिलं किंवा सांगितलं त्यांचा मजकूर तसाच ठेवावा, असा आग्रह मी धरला. पुण्यात राहणाऱ्या नातवाला तो वाचताना थोडं अडखळायला होईल. त्याने मोठ्याने वाचावा, म्हणजे आजीचा आवाज ऐकू येईल.

दुसऱ्या गदेच्या आठवणींत सालाचा घोळ आहे. कुणी २०१५ लिहितो, कुणी २०१६. दोघंही खरं लिहितात. स्पर्धा २०१५ची, पण नागपूरच्या मैदानात ती झाली जानेवारी २०१६ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस वारजे. म्हणजे एकाच कॅलेंडर वर्षात विजय चौधरींनी दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. हा योग कुणी लिहिलेला मला आढळला नाही, म्हणून इथे नोंदवतो.

वारज्याच्या लढतीबद्दल एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. तिथे हरलेले अभिजित कटके पुढच्याच वर्षी, २०१७ला, भूगावला महाराष्ट्र केसरी झाले. आमच्याकडच्या कितीतरी जणांनी त्यांचं नाव आदराने घेतलं आहे, काहींनी त्यांच्या भूगावच्या विजयाचा आनंदही लिहिला आहे. हरलेल्याला लक्षात ठेवणारा चाहता हा कुस्तीचा खरा जाणकार. दंगलीत वाढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही, कारण तिथे त्याने एकाच पहिलवानाला एका जत्रेत जिंकताना आणि पुढच्या जत्रेत पडताना पाहिलेलं असतं, आणि दोन्ही वेळा त्याच्या हातावर नोट ठेवलेली असते.

तिसऱ्या गदेनंतर राज्य सरकारने चौधरींना थेट पोलीस उपअधीक्षक म्हणून नेमलं. महाराष्ट्र केसरीच्या मैदानात ते पुन्हा किताबासाठी उतरले नाहीत. खान्देशात याची दोन प्रकारे आठवण काढली जाते. काहींना चौथी गदा हवी होती. सलग चार कुणीच मिळवलेल्या नाहीत, आणि तिशीच्या आतल्या मल्लाने ते करून दाखवलं असतं, असं त्यांचं मत. दुसऱ्यांना वर्दीतला पहिलवान पाहून जास्त भरून आलं. मी या दुसऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण गोळेश्वरला आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीला गेले आणि बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्याच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. परत आल्यावर कराडपासून गावापर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तीन वर्षांनी खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९८४ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. मधल्या सगळ्या वर्षांत सरकारदरबारी त्यांचं नाव फिकं पडत गेलं. ते नाव टिकवून धरलं कराड-कोल्हापूरच्या सामान्य माणसांनी, त्या बैलगाड्यांत बसलेल्यांनी आणि त्यांच्या पोरांनी. त्यांनी गोष्ट सांगितली नसती तर नव्या पिढीला खाशाबा कोण हे शाळेच्या पुस्तकात येईपर्यंत कळलं नसतं. मल्लाला हयातीत, हातापायांत बळ असताना पद मिळावं, मान मिळावा, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि त्याची गोष्ट तो असताना, सांगणारे असताना लिहून व्हावी, हेही.

चौधरींनी किताबाची मैदानं सोडली, पण कुस्ती सोडली नाही. २०२३ला कॅनडात विनिपेग इथे पोलीस आणि अग्निशमन दलांच्या जागतिक क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथे १२५ किलो गटात त्यांनी भारतासाठी सुवर्णपदक मिळवलं. या स्पर्धेत जगभरचे पोलीस आणि अग्निशमन जवान उतरतात. नोकरी सांभाळून, रात्रीचा बंदोबस्त करून, तिशी-पस्तिशीत ते सराव करतात. त्या पदकाची बातमी सायगावला आली तेव्हा पहिल्या गदेइतकी गर्दी जमली नसेल, पण या संग्रहात लिहिणाऱ्या म्हाताऱ्यांना ते पदक विशेष आवडलेलं दिसतं. एका मजकुरात एवढंच लिहिलंय की पहिलवानाने खुराक सोडला नाही, हे पाहून बरं वाटलं.

आता ज्या आठवणींनी मला स्वतःला सर्वांत जास्त हलवलं त्यांच्याकडे येतो. त्या बायकांच्या आहेत.

खान्देशच्या दंगलीला बायका जात नव्हत्या. जत्रेत त्या देवीच्या दर्शनाला, पाळण्यांकडे, भांड्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांकडे, आखाड्याकडे पुरुष. हलगी ऐकू यायची, गर्दीचा आरडाओरडा ऐकू यायचा, पण आत काय चाललंय ते घरी आल्यावर नवरा किंवा भाऊ सांगेल तेवढंच. ज्या बाईने आयुष्यभर पोराच्या खुराकाचं दूध तापवलं, बदाम भिजवून सोलले, लंगोट धुऊन वाळत घातला, तिने त्याची एकही कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली नाही, असं कितीतरी घरांत घडलं. नगर, नागपूर, वारजे या लढती टीव्हीवर, मोबाइलवर आल्या, तेव्हा या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुस्ती सबंध पाहिली. एका आजीने सांगितलंय की दोन पहिलवान एकमेकांच्या मानेला हात घालून इतका वेळ उभे का राहतात, ते तिला कळेना. मग नातीने शेजारी बसून गुण समजावले. ती नात आता तालमीत जाते, असंही त्या मजकुराच्या शेवटी आहे. २०२३च्या मार्चमध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली, तेव्हा त्या घरात काय झालं असेल याची मी कल्पना करू शकतो.

हे बायकांचे मजकूर संपादकांनी शेवटी ठेवायचे ठरवले होते. मी विनंती करून ते मध्यावर आणले आहेत, वस्तादांच्या आणि जुन्या पहिलवानांच्या मजकुरांच्या लगेच पुढे. खुराक शिजवणाऱ्या हातांची जागा तिथेच आहे.

अलीकडच्या काही वर्षांत कुस्तीत जे झालं त्यावर या संग्रहात फार नाही, आणि ते बरंच झालं. संघटनांच्या भांडणात २०२३च्या नोव्हेंबरात दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक धाराशिवला, एक फुलगावला. दोन्ही मल्ल गुणी, दोघांनीही घाम गाळला, आणि दोघांच्याही गदेकडे लोकांनी थोडं साशंकपणे पाहिलं. हा अन्याय मल्लांवर झाला. विजय चौधरींच्या तीन गदांच्या काळात निदान हा प्रश्न नव्हता. जिंकणारा एक, गदा एक. त्या दिवसांची आठवण लोक आवर्जून काढतात त्यामागे हेही एक कारण असावं.

आठवणींत चुका आहेत. कुणी लढतीचा निकाल चीतपट लिहिलाय, जिथे तो गुणांवर लागला असावा. कुणी एका जत्रेतली कुस्ती दुसऱ्या जत्रेत नेली आहे. जिथे तारीख, ठिकाण किंवा प्रतिस्पर्ध्याचं नाव छापील नोंदीशी जुळत नव्हतं तिथे संपादकांनी ते दुरुस्त केलं, बाकीचं जसंच्या तसं राहू दिलं. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला जे दिसलं ते त्याला तसंच दिसलं होतं.

एक जागा मात्र या पहिल्या आवृत्तीत रिकामी आहे. विजय चौधरींच्या बरोबर ज्यांनी रोज जोड केली, ज्यांच्या अंगावर त्यांनी डाव घोटवले, जे दररोज पहाटे पडायला तयार होऊन हौद्यात उतरले, त्यांच्यातल्या एखाद-दुसऱ्यानेच लिहिलं आहे. त्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे. पुढच्या आवृत्तीसाठी त्यांनी लिहावं, अहिराणीत लिहिलं तरी चालेल; लिहायला सवड नसेल तर संपादक वही घेऊन तालमीत यायला तयार आहेत.